जुन्या, स्वस्त गोल्फ कोर्सवर खेळायचंय? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, म्हापसा, मडगाव, कुठनं ना कुठनं कोणीतरी विचारतंच की गोल्फ खेळून बघायचंय पण क्लबची मेंबरशिप वगैरे आपल्याला जमणारी गोष्ट नाही, मग करायचं काय. त्या सगळ्यांसाठी हे एका जागी लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना अंदाज येईल: शिकायला आणि पुढे आयुष्यभर खेळायलासुद्धा जुना, थोडा झिजलेला, फी भरेल त्याला उतरू देणारा कोर्सच चांगला. तिथं गवत सगळीकडे सारखं नसतं, बंकरमधली (कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांतली) वाळू कुठे जाड कुठे पातळ असते, आणि त्यामुळेच हात तयार होतो.

गोव्यात असा पब्लिक कोर्स आहे का?

नाही. म्हणजे सरकारी किंवा पालिकेचा, कोणीही सकाळी जावं, फी भरावी आणि खेळावं असा नाही. आपल्याकडे जे आहेत ते हॉटेलांचे. काणकोणला राजबागच्या किनाऱ्याला लागून द ललितचा ९ होलचा आहे (होल म्हणजे बॉल घालायचा खड्डा आणि तिथवरचा टप्पा), आणि मोबोरला साळ नदीच्या मुखाजवळ रिसॉर्टच्या आवारात १२ होलचा छोटा पार-थ्री (प्रत्येक होल तीन शॉटचा) कोर्स आहे. हॉटेलात न राहणाऱ्यांना कधी घेतात कधी नाही, सीझनप्रमाणे रेट बदलतात, म्हणून फोन केल्याशिवाय काणकोणपर्यंत गाडी हाकू नका. एकदा हातात क्लब (गोल्फची काठी) धरून बघायला ठीक आहे, पण दर आठवड्याला खेळायचं म्हटलं तर खिशाला जड जातं.

मग गोव्याच्या माणसानं जायचं कुठे?

सगळ्यात जवळचं म्हणजे बेळगाव. चोर्ला घाटानं पणजीहून साधारण सव्वाशे किलोमीटर, पहाटे निघालात तर सकाळच्या उन्हात पोचता. छावणीचं गाव असल्यामुळे तिथं गोल्फ जुनं आहे. पण लष्कराचा संबंध असलेल्या कुठल्याही कोर्सवर आधी परवानगी विचारल्याशिवाय जायचं नाही, गेटवर जाऊन हुज्जत घालायची तर अजिबातच नाही. ओळखीचं कोणी आर्मीत असेल तर त्यांना विचारा.

खरोखरचा पब्लिक बघायचा तर दिल्लीला लाडो सरायजवळचा कुतुब गोल्फ कोर्स. दिल्ली विकास प्राधिकरणाचा आहे, १८ होलचा, देशातला पहिला पब्लिक कोर्स म्हणून ओळखला जातो. तो काही फार जुना नाही, पण पब्लिक कोर्स कसा चालतो, स्टार्टर (खेळायला क्रमानं सोडणारा माणूस) कसा असतो, अनोळखी माणसांबरोबर ग्रुप कसा जुळतो हे तिथं बघायला मिळतं. वास्कोहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते, मडगावहून राजधानी आहे, आणि गोल्फची बॅग ट्रेनमध्ये सीटखाली आडवी घालता येते. विमानानं जाणार असाल, दाबोळी असो की मोपा, तर खेळाच्या सामानाचा वेगळा चार्ज किती ते तिकीट काढायच्या आधी बघा, परतीचा चार्ज धरायला लोक विसरतात.

आणि जुना म्हणाल तर नालदेरा. शिमल्याहून वीसेक किलोमीटर पुढे, देवदारांच्या मधोमध. लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ व्हाइसरॉय होता, त्याला ही जागा इतकी आवडली की मुलीच्या नावात नालदेरा घातलं. हा कोर्स हिमाचल पर्यटन महामंडळाकडे आहे, पर्यटकाला फी भरून खेळता येतं. गुलमर्गलाही तसंच, तिथं उंची २६५० मीटर. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते त्यामुळे बॉल गोव्यापेक्षा लांब जातो, नेहमीच्यापेक्षा एक पायरी आखूड क्लब घ्या, म्हणजे ७ नंबरच्या जागी ८. आपले लोक फॅमिली ट्रिपला हिमाचल-काश्मीरला जातातच, एक सकाळ बाजूला काढली तरी पुरे.

गोल्फ श्रीमंतांचा खेळ, आपलं तिथं काय काम?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

स्कॉटलंडमधला सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स घ्या. १८ होलचा आकडा तिथूनच आला, १७६४ साली त्यांनी २२ चे १८ केले. आणि तो कोर्स कुठल्या क्लबच्या मालकीचा नाही, जमीन गावाची, चालवतो ट्रस्ट. रविवारी खेळ बंद असतो आणि गावातली माणसं कुत्री घेऊन, पोरं घेऊन फेअरवेवरून (बॉल मारत जायच्या गवताच्या पट्ट्यावरून) फिरतात. म्हणजे ज्या जागेला सगळं जग मानतं ती जागा मुळात सार्वजनिक. ओल्ड कोर्सची फी आज स्वस्त नाही हे खरं, पण त्याच ट्रस्टचा बालगोव्ह नावाचा ९ होलचा साधा कोर्स शेजारीच आहे, पोरांसाठी आणि नवशिक्यांसाठी.

आपल्या देशातलं बघा. अली शेर दिल्लीत कॅडी होता, म्हणजे खेळणाऱ्यांची बॅग उचलायचा. १९९१ साली इंडियन ओपन ही मोठी स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय प्रोफेशनल, १९९३ ला परत जिंकला. एसएसपी चौरसियाचे वडील कोलकात्याला ग्रीनकीपर होते, गवत सांभाळायचे, आणि पोरानं २०१६ आणि २०१७ लागोपाठ इंडियन ओपन घेतली. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला. हा खेळ आपला नाही असं म्हणणाऱ्यानं ही नावं आधी लक्षात घ्यावीत. पैसा लागतो हे मी नाकारत नाही, पण किती लागतो ते तुम्ही कुठला कोर्स निवडता त्यावर आहे.

पण गोव्यात गोल्फचं नाव काढलं की लोक चिडतात, ते का?

चिडतात आणि त्याला कारण आहे. तेरेखोल आठवा. नदीच्या पलीकडचं छोटं गाव, केरीहून फेरीनं जायचं, तिथं कुळांच्या जमिनीवर रिसॉर्ट आणि १८ होलचा कोर्स आणायचा घाट घातला गेला. २०१५ च्या सुमारास गावकरी मशिनींपुढे उभे राहिले, प्रकरण कोर्टात गेलं. शेत, काजूची भाटं (बागा), पाणी, सगळंच त्यात जाणार होतं. नवीन कोर्सला डोंगर सपाट करावा लागतो, उन्हाळाभर पाणी मारावं लागतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे टँकरची वाट बघणारे वाडे किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

मला गोल्फ मनापासून आवडतो आणि तरी मी तेरेखोलच्या लोकांच्याच बाजूनं आहे. जे कोर्स आधीपासून आहेत, ज्यांची जमीन शंभर वर्षांपूर्वीच कोर्स झाली, जिथं उन्हाळ्यात फेअरवे पिवळे पडू देतात आणि पाणी फक्त ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला) मारतात, तिथं जाऊन खेळावं, तिथं फी भरावी. त्यासाठी कोणाचं भाट जात नाही.

सुरुवातीला किती क्लब घ्यायचे?

नियमानं जास्तीत जास्त १४ नेता येतात पण तेवढे लागत नाहीत. एक हायब्रिड (लांब मारायला), एक ७ नंबर आयर्न (मधल्या अंतराला), एक पिचिंग वेज (जवळून उंच उडवायला), एक पटर (ग्रीनवर बॉल ढकलायला). बास. जमल्यास मधला ९ नंबर. सेकंडहँड घ्या, फक्त ग्रिप हातात धरून बघा, आपल्या दमट हवेत रबर लवकर चिकट होतं आणि घाम आला की क्लब हातात फिरतो. शाफ्टवर (दांडीवर) गंज असला तरी चालेल, पण वाकलेला नको. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) पहिल्या वर्षी घेऊच नका, जुन्या कोर्सवर झाडं जवळजवळ असतात, सरळ गेलेला १४० यार्डाचा शॉट तिरक्या गेलेल्या २०० पेक्षा कामाचा.

बॉल कुठला?

वापरलेला. तळ्यातून काढून धुतलेले बॉल डझनावर विकतात, टू-पीस (दोन थरांचे) घ्या, नवशिक्याला महागड्या बॉलचा फरक कळत नाही. वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको असा वजन-आकाराचा नियम, बाजारातला कुठलाही बरा बॉल त्यात बसतो.

कपडे?

कॉलरचा टीशर्ट, साधी पँट किंवा गुडघ्यापर्यंतची हाफ पँट, स्पोर्ट्स शूज, टोपी. जीन्स आणि चप्पल नको. झालं.

गोव्यात राहून प्रॅक्टिस कशी करायची?

पटिंग घरात होतं, सतरंजीवर. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, त्यापेक्षा बारीक पेला आडवा ठेवून त्यात घालायची सवय केली की खरा होल मोठा वाटायला लागतो. चिपिंगसाठी (ग्रीनजवळून मारायच्या छोट्या शॉटसाठी) भातकापणी झाल्यावरचं शेत झकास, मालकाला विचारून. जमीन घट्ट असते, मधेमधे खुंट असतात, बॉलच्या आधी जमिनीला क्लब लागला तर हाताला लगेच कळतं. मात्र प्लॅस्टिकचा भोकाभोकांचा बॉल वापरा. पोरं फुटबॉल खेळतात त्या मैदानावर खरा बॉल मारायचा नाही, संध्याकाळी तर नाहीच. तो दगडासारखा कठीण असतो, कोणाच्या डोक्याला लागला तर खेळ तिथंच संपला.

९ होल खेळलं तर ते अर्धवट धरतात का?

अजिबात नाही. हँडिकॅपसाठी (आपल्या खेळाप्रमाणे मिळणाऱ्या शॉटच्या सवलतीसाठी) ९ होलचा स्कोअरही चालतो. आणि जुन्या स्वस्त कोर्सपैकी कितीतरी मुळात ९ चेच असतात, दोनदा फिरलं की १८, फक्त दुसऱ्या फेरीला टी (पहिला शॉट मारायची जागा) थोडी वेगळी. चालत ९ होलला दोन-सव्वादोन तास लागतात, १८ ला चार तास आणि आठ-दहा किलोमीटर चाल होते. आपल्या हवेत नवीन माणसानं ९ च खेळावं, सकाळी साडेसहाला सुरू, ऊन तापायच्या आत बाहेर.

फार शॉट लागतात, लाज वाटते, स्कोअर कसा लिहू?

स्टेबलफर्ड पद्धतीनं लिहा, ही पद्धत १९३२ पासून चालू आहे आणि ती अशाच माणसांसाठी काढली. शॉट मोजत बसायचे नाहीत, होलप्रमाणे पॉइंट घ्यायचे. तुमच्या हँडिकॅपनं दिलेले शॉट वजा करून पार (त्या होलला ठरलेले शॉट) आला तर २, एक जास्त लागला तर १, एक कमी लागला तर ३, आणि दोन किंवा त्याहून जास्त गेले तर ० घेऊन बॉल उचलायचा आणि पुढे चालायचं. आता जास्तीत जास्त हँडिकॅप ५४ मिळतो, म्हणजे १८ होलवर प्रत्येक होलला ३ शॉट. पार ४ च्या होलवर तुम्ही ७ मध्ये घातला तरी २ पॉइंट, पट्टीच्या खेळाडूनं ४ मध्ये घातल्यावर मिळतात तेवढेच. एखाद्या होलला १२ लागले तरी नुकसान त्या एका होलपुरतं, सकाळ वाया जात नाही.

जुन्या कोर्सवर फेअरवेला खड्डे, शेण, बिळं असतात, तेव्हा काय नियम?

शेण हे नियमानं लूझ इम्पेडिमेंट, सुकलेल्या पानासारखंच, बाजूला काढता येतं. पण काढताना बॉल हलला तर एक शॉट पेनल्टी आणि बॉल परत जागेवर, म्हणून काडीनं हळू काढा. फक्त ग्रीनवर असाल तर हलल्याची पेनल्टी नाही. प्राण्यानं केलेल्या बिळात बॉल गेला किंवा तुमचा पाय बिळावर येतोय तर फुकट सुटका, त्रास नसलेल्या जवळच्या जागेपासून एका क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून सोडायचा. साचलेल्या पावसाच्या पाण्यालाही तेच. चिखलात बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तरी फुकट.

शिवाय अशा कोर्सवर स्वतःचे लोकल रूल्स असतात, कार्डाच्या मागे छापलेले किंवा स्टार्टरच्या खोलीबाहेर फळ्यावर. फेअरवेवर बॉल उचलून पुसून बरा ठेवू देतात का ते तिथं लिहिलेलं असतं. ते वाचूनच निघा. पांढऱ्या खुंट्यांपलीकडे बॉल गेला तर तो कोर्सबाहेर, लाल किंवा पिवळ्या खुंट्यांच्या आत पेनल्टी एरिया (पाण्यासारखी अडचणीची जागा). हरवलेला बॉल शोधायला ३ मिनिटं, पाच नाही.

ग्रीनऐवजी तेल घातलेली वाळू दिसली, हा काय प्रकार?

त्याला ब्राउन म्हणतात. पाणी कमी असलेल्या छावण्यांच्या जुन्या कोर्सवर असायचे, काही ठिकाणी अजून आहेत. बॉल वाळूत थोडा दबून चालतो, उतार जवळजवळ नसतोच, म्हणून सरळ आणि जरा जोरात मारा. आपण मारलेल्या रेषेवरून पुढच्यासाठी वाळू सारखी करायची असते, फळी तिथंच ठेवलेली असते.

फेअरवेवरचं गवत कुठलं?

बहुतेक ठिकाणी आपली हरळीच. चवथीला गणपतीला वाहतो ती दूर्वा, शेतकऱ्याला नको असते ती हरळी, आणि गोल्फवाले जिला बर्म्युडा म्हणतात ती, मूळ वनस्पती एकच. ग्रीनवर हिच्याच बारीक संकरित जाती लावतात. ती जमिनीलगत एका दिशेला सरपटते त्यामुळे ग्रीनला लव असते. बॉलमागे उभं राहून बघा, गवत चमकतंय म्हणजे लव तुमच्यापासून पुढे पडलीय, बॉल वेगानं जाणार. काळपट दिसतंय म्हणजे लव तुमच्याकडे तोंड करून आहे, जास्त मारायला लागणार. होलच्या कडेकडे वाका, एका बाजूची कड स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूची खरखरीत दिसेल, खरखरीत बाजूकडे लव वाहते. हे जुने कॅडी न सांगता बघतात.

पिच मार्क दुरुस्त करायचा म्हणजे नक्की काय?

हे प्रत्येकानं शिकायलाच पाहिजे, स्वस्त कोर्सवर तर जास्तच, कारण तिथं माळी दोन-चारच असतात. उंचावरून पडलेला बॉल ग्रीनवर वाटीएवढा खळगा पाडतो. त्याच्या कडेला छोटा काटा किंवा लाकडी टी (बॉल ठेवायची खुंटी) तिरकी खुपसायची आणि कडेचं गवत आत, मध्याकडे ढकलायचं. चारी बाजूनं असं करायचं, मग पटरच्या तळानं दाबून सपाट करायचं. मधोमध काटा घालून माती वर उचलायची नाही, त्यानं मुळं तुटतात आणि तिथं तपकिरी डाग पडतो. नीट केलेला खळगा काही दिवसांत भरतो, उचकटलेला कितीतरी आठवडे तसाच राहतो. आपला एक आणि दिसला तर दुसऱ्याचा एक, एवढं प्रत्येकानं केलं तर ग्रीन टिकतं. फेअरवेवरचा उडालेला गवताचा तुकडा परत जागेवर ठेवून पायानं दाबा, बंकरमधून बाहेर पडताना वाळूतले आपल्या पायांचे ठसे पुसून या.

कॅडी घ्यावा का?

पहिल्यांदा जाताय तर नक्की घ्या. बॅग उचलायला माणूस एवढंच समजू नका. कुठल्या झाडाच्या डावीकडून मारायचं, कुठलं ग्रीन दिसतं चढाचं आणि असतं उताराचं, कुठे बॉल गेला की शोधायला जायचंच नाही, हे त्याला पाठ असतं. वयानं मोठा असेल तर काका, बरोबरीचा असेल तर दादा, आणि अहो-जाहोनं बोला. ठरलेली फी आणि वरचे पैसे रोख, हातात, त्याच दिवशी. पाणी घेताना त्याच्यासाठीही बाटली घ्या. शॉट बिघडला म्हणून त्याच्यावर आवाज चढवणाऱ्या माणसाला आमच्या ग्रुपमध्ये परत बोलावत नाही.

साप, बिबटे वगैरे?

झुडपात हात घालायचा नाही, हा पहिला नियम. घोणस पालापाचोळ्यात दिसत नाही. बॉल आत दिसला तरी क्लबनं आधी पाला हलवा, नाहीतर सोडून द्या, वापरलेल्या बॉलची किंमत ती काय. विषारी साप, गांधीलमाश्यांचं पोळं असल्या धोक्याजवळ बॉल असेल तर गोल्फचा नियमच तुम्हाला फुकट ड्रॉप देतो, म्हणून हिरोगिरी करायची गरजच नाही. बेळगावच्या गोल्फ कोर्सवर ऑगस्ट २०२२ मध्ये बिबट्या दिसला होता, आसपासच्या शाळा कितीतरी दिवस बंद ठेवल्या, हत्ती आणून शोध घेतला. झाडी असलेला जुना कोर्स म्हणजे जनावरांचंही घर.

आणि उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, मातीच्या रंगाची, ठिपक्यांची. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की जागच्या जागी थांबा, पायाकडे बघा आणि आल्या वाटेनं मागे या.

पावसात खेळता येतं का?

रिमझिमीत येतं. पण आपल्या आणि घाटाच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो, जून ते सप्टेंबर फेअरवे चिखल असतो आणि त्यावर चालून आपण कोर्स खराब करतो, म्हणून कोर्सवाले नाही म्हणाले की वाद नको. विजेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मे महिन्यातली वळवाची दुपार आणि ऑक्टोबर, हे दोन काळ वाईट. गडगडाट ऐकू आला की शॉट अर्धा राहिला तरी चालेल, क्लब खाली ठेवा आणि पक्क्या इमारतीत जा. एकट्या झाडाखाली नाही, पत्र्याच्या शेडमध्येही नाही.

आई-बाबांना, मुलांना घेऊन जाऊ का?

जा की. साठीनंतर सुरू करणारे बरेच आहेत, चालणं होतं, गुडघ्याला धक्का कमी. मुलांना आधी फक्त पटिंग ग्रीनवर सोडा. दुसरा कोणी क्लब फिरवत असताना मागे उभं राहायचं नाही आणि बॉल माणसांकडे गेला की जोरात "फोर!" ओरडायचं, एवढं घरीच शिकवून न्या.

आम्ही हळू खेळतो, मागचे वैतागतात.

त्यांना पुढे जाऊ द्या. बाजूला होऊन हात करा, दोन मिनिटांचं काम. जो तयार आहे त्यानं आधी मारायचं, होलपासून कोण लांब याचा हिशोब मित्रांमध्ये नको. पटिंग करताना झेंडा काढायचीही सक्ती नाही, २०१९ पासून तो होलमध्ये ठेवूनच मारता येतं, त्यात वेळ वाचतो.

पहिल्यांदा फोन करताना काय विचारू?

मेंबर नसलेल्याला कुठल्या वारी घेता, हे आधी. मग ९ होलचा रेट वेगळा आहे का, शनिवार-रविवारचा किती, संध्याकाळचा कमी असतो का, जीएसटी धरून सांगताय की सोडून. कॅडीचे पैसे फीमध्ये आहेत की वेगळे. भाड्यानं सेट मिळतो का, आणि डावखुऱ्याचा हवा असेल तर ते आत्ताच विचारा, बहुतेक ठिकाणी एखादाच असतो. हँडिकॅपचं सर्टिफिकेट मागतात का हेही विचारून घ्या, काही जुने क्लब पाहुण्याला त्याशिवाय टीवर जाऊ देत नाहीत. टूर्नामेंट असेल त्या दिवशी कोर्स बंद असतो, तारीख सांगून खात्री करा. ज्यानं फोन उचलला त्याचं नाव लिहून घ्या आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी परत एकदा लावा, विशेषतः चोर्ला चढून जायचं असेल तर.